भरतीरेषेवरची घरटी

इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर, क्लाय गावापासून पश्चिमेकडे ब्लेकनी पॉइंट नावाचा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा दांडा पसरला आहे. त्याच्या एका अंगाला उत्तर समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण. मधला बांध गारगोटीच्या गोट्यांचा आणि टोकाकडे वाळूच्या टेकड्या. छोटा सुरय, कंठेरी चिखल्या आणि कालवफोड्या हे पक्षी उन्हाळ्यात इथे उघड्यावरच अंडी घालतात. घरटं म्हणजे गोट्यांत छातीने दाबून केलेला उथळ खळगा. अंड्यांवरचे ठिपके गोट्यांशी इतके मिळतेजुळते असतात, की दोन पावलांवरूनही ती चटकन दिसत नाहीत.

एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांची हौस असलेला माणूस इथे बंदूक घेऊन येई. मेलेला पक्षी हातात असल्याशिवाय त्याची नोंद कुणी मानत नसे. सप्टेंबर १८८४ मध्ये जॉर्ज आणि फ्रेडरिक पॉवर या भावांनी दांड्यावर निळ्या गळ्याचा शंकर पक्षी टिपला आणि मग स्थलांतराच्या हंगामात हौशी शिकाऱ्यांची रीघ लागली. मारलेले पक्षी पेंढा भरण्यासाठी क्लायच्या एच. एन. पॅश्ली यांच्याकडे जात. गंमत अशी, की या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा जुना इतिहास बराचसा याच पॅश्लींच्या टिपणांतून कळतो. ती १९२५ मध्ये पुस्तकरूपाने आली.

हे शिकारी मारत ते बहुतेक वाटसरू पक्षी. विणीवर घाला घालणारे वेगळे होते: टोप्यांच्या पिसांसाठी सुरय मारणारे आणि अंडी गोळा करणारे. केंब्रिजचे प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन यांनी १८६८ मध्ये नॉरिच इथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात विणीच्या काळातल्या कत्तलीवर बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी समुद्रपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल ते १ ऑगस्ट त्यांच्या शिकारीला बंदी आली. अंडी मात्र त्यातून सुटली. त्यांच्यासाठीची तरतूद १८९४ मध्ये झाली, तीही परगण्याने मागितली तरच लागू होणारी. ओसाड किनाऱ्यावर असा कायदा राबवायला माणूस लागतो. १९०१ मध्ये ब्लेकनी आणि क्लाय मिळून पक्षीरक्षणाचं मंडळ निघालं आणि बॉब पिंचेन राखणदार झाले. १९३० पर्यंत ते काम त्यांच्याकडेच होतं. १९१२ मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांच्या पुढाकाराने दांडा विकत घेऊन नॅशनल ट्रस्टकडे सोपवला गेला. शेजारच्या स्कोल्ट हेड बेटावर १९२४ पासून दोन हंगाम एम्मा टर्नर या छायाचित्रकार पक्षीनिरीक्षक राखणीला राहिल्या. इंग्लंडमधली सर्वांत एकाकी बाई, असं त्यांचं वर्णन वृत्तपत्रांनी केलं.

बंदूक आणि अंडीचोर यांचा असा हळूहळू बंदोबस्त झाला. समुद्राला मात्र कायदा लागू करता येत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची. दोन उधाणांमध्ये साधारण पंधरा दिवसांचं अंतर असतं. छोट्या सुरयाची अंडी उबायला सुमारे तीन आठवडे लागतात, चिखल्या आणि कालवफोड्या यांना त्याहूनही अधिक. म्हणजे भांगाच्या दिवसांत पाणी खाली असताना निवडलेली जागा कितीही कोरडी वाटली, तरी पिल्लं बाहेर पडण्याआधी त्या घरट्याला निदान एक उधाण सोसावं लागतंच. पक्ष्यांचं नशीब एवढंच, की वर्षातली सर्वांत मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवसरात्र समान असण्याच्या सुमारास येतात. मे-जूनची त्यामानाने बेताची असतात. धोका असतो तो उत्तरेचा वारा आणि उतरलेला हवेचा दाब यांची उधाणाशी गाठ पडली तर. दाब एक मिलिबार उतरला, की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, आणि वारा लाटांना वर रेटतो तो वेगळाच. कोष्टकात सुरक्षित दिसणारी रात्र अशी एखादी वसाहत धुऊन नेते.

मग हे पक्षी आणखी वर का सरकत नाहीत? वरच्या अंगाला गवत असतं आणि गवतात दडून कोल्हा येतो. उघड्या गोट्यांवर शत्रू लांबून दिसतो. शिवाय तो उघडेपणा समुद्रानेच राखलेला असतो. हिवाळी तुफानं गवत उखडतात आणि ताजे गोटे पसरतात. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राच्या पाण्याने इंग्लंडमध्ये ३०७ माणसं मेली, क्लाय गावातही पाणी शिरलं. पक्ष्यांच्या हिशेबात मात्र ते निव्वळ संकट नव्हतं, कारण तेव्हा दांड्यावर एकही अंडं नव्हतं. तीच लाट जूनमध्ये आली असती, तर अख्ख्या हंगामाची वीण गेली असती.

घरटं बुडालं, तर हंगामाच्या सुरुवातीला मादी पुन्हा अंडी घालते. उशीर झाला, तर ते वर्ष वाया. कोकणात वेळासला २००२ पासून समुद्री कासवांची अंडी वर हलवून कुंपणात पुरतात. पक्ष्यांबाबत ती सोय नाही, कारण त्यांच्या अंड्यांना आईबापांची ऊब लागते. नॉर्थम्बरलंडमधल्या लाँग नॅनी किनाऱ्यावर राखणदार छोट्या सुरयाची घरटी वाळूने भरलेल्या मासळीच्या खोक्यांवर उचलून ठेवतात. जागा तीच राहते, फक्त उंची वाढते.

भरतीचा आणखी एक त्रास म्हणजे खुद्द पक्षीनिरीक्षक. ओहोटीला माणसं ओल्या वाळूवरून चालतात. पाणी चढलं, की त्यांना आणि घरट्यांना एकच अरुंद पट्टा उरतो. म्हणून वीण संपेपर्यंत तो दोऱ्यांनी बंद करतात.

क्लायजवळचा गोट्यांचा बांध वर्षानुवर्षं यंत्रांनी ढीग लावून उंच राखला जाई. या शतकाच्या पहिल्या दशकात ते थांबवण्यात आलं. ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री समुद्राने त्या बांधाला खिंडारं पाडली आणि गोटे खाजणाच्या अंगाला पसरवून टाकले.