आरोग्य शिबिर झाले, पुढे काय?

वाळूजमधल्या एखाद्या कंपनीत आज आरोग्य तपासणी शिबिर आहे, असे समजा. तुम्ही रांगेत उभे राहता, बीपी मोजले जाते, बोटातून थेंबभर रक्त घेऊन शुगर पाहिली जाते. कागदावर १५८/९६ असा आकडा येतो आणि खाली लिहिलेले असते, ‘डॉक्टरांना दाखवा’. कागद घडी होऊन खिशात जातो, तिथून कपाटात. त्रास तर काहीच नाही, मग कशाला दाखवायचे? पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर होते आणि पुन्हा तोच आकडा येतो.

धोका इथेच आहे. वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह अनेकदा वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांचे नुकसान करत राहतात. शिबिरात फक्त संशय येतो. त्याची खात्री करणे, उपचार सुरू करणे आणि ते टिकवणे हे काम त्यानंतरचे आहे. या लेखात तेच पाहू.

कागदावरचे आकडे कसे वाचावेत?

- रक्तदाब: १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर पुन्हा मोजणे आवश्यक आहे. शिबिरातली घाई, नुकताच घेतलेला चहा, तंबाखू किंवा रात्रपाळीचे जागरण यामुळे आकडा वाढू शकतो. म्हणून वेगळ्या दिवशी, पाच मिनिटे शांत बसून मोजा. तेव्हाही तो वाढलेला असेल तर डॉक्टर निदान करतात. १८०/११० किंवा अधिक असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
- शुगर: बोटातून केलेल्या तपासणीत १४० किंवा अधिक आल्यास प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त तपासा. १०० ते १२५ ही मधुमेहाच्या आधीची पायरी मानतात. १२६ किंवा अधिक असेल तर मधुमेहाची शक्यता असते. पक्के निदान बहुधा दुसऱ्या तपासणीनंतर होते.
- हिमोग्लोबिन: स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी, गर्भवतींमध्ये ११ पेक्षा कमी आणि पुरुषांमध्ये १३ पेक्षा कमी म्हणजे रक्तक्षय.
- कंबर: पुरुषांची ९० सेंटिमीटरहून आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर वजन बेताचे असले तरी सावध व्हा.

कामाच्या ठिकाणी

चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज या औद्योगिक वसाहतींमुळे शहरातील हजारो कुटुंबांचे घड्याळ शिफ्टवर चालते. पाळी बदलली की झोप, जेवण आणि औषध यांच्या वेळाही बदलतात. डॉक्टरांकडे जाताना आपल्या पाळ्यांची माहिती जरूर सांगा. त्यानुसार गोळीची वेळ ठरवता येते. मधुमेहाची काही औषधे घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरू शकते, म्हणून वेळा स्वतःच्या मनाने बदलू नका.

‘बीपी निघाले तर काम जाईल’ ही भीती अनेकांना असते, विशेषतः कंत्राटी कामगारांना. ती समजण्यासारखी आहे, पण आकडा लपवल्याने आजार लपत नाही. बहुतेक लोक नियमित औषधाने बीपी आटोक्यात ठेवून पूर्ण वेळ काम करू शकतात. उपचार न घेतल्याने झालेला पक्षाघात मात्र हातातले काम हिरावून घेऊ शकतो. तपासणीआधी विचारा : माझा अहवाल कोण पाहणार? व्यवस्थापन आणि युनियन यांनी एवढे पाहावे की व्यक्तीचा अहवाल त्या व्यक्तीला आणि डॉक्टरांनाच मिळेल आणि नोंदी एकत्र करताना कुणाचे नाव येणार नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंदवलेले कामगार ईएसआयचे लाभार्थी असतात. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम जाते. त्यावर फक्त तुमचेच नव्हे, तर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचेही उपचार होतात. चिकलठाण्याला राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. आपली आणि कुटुंबीयांची नावे नोंदवलेली आहेत ना, हे एकदा तपासून घ्या.

घरात

घरातल्या बाईची तपासणी बहुधा सगळ्यांच्या नंतर होते. ती लांबू देऊ नका. ३० वर्षांवरील प्रत्येकासाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी होते; स्त्रियांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही. आशाताई माहिती विचारायला आल्या तर त्यांना टाळू नका. शहरात जवळचे मनपा आरोग्य केंद्र आणि पुढच्या उपचारासाठी घाटी रुग्णालय आहे. महाराष्ट्रात २०२२च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित, तर घर सुरक्षित’ हे १८ वर्षांवरील स्त्रियांच्या तपासणीचे अभियान सुरू झाले. त्या शिबिरातला कागद घरात असेल, तर तोही काढून पाहा.

बीपीच्या रुग्णासाठी वेगळी भाजी शिजवायची गरज नाही. सगळ्यांच्याच भाजीत मीठ कमी करा. माणशी दिवसाला साधारण एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. पापड, लोणचे, ठेचा, शेव-फरसाणातले मीठही यात मोजा. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चाला. विद्यापीठ परिसर असो की गोगाबाबा टेकडी, दोघे मिळून गेलात तर सवय टिकते.

किशोरवयीन मुलांसाठी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय आहे. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. ती जेवणानंतर घ्यावी, चहासोबत नको. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये. मुलगी थकते, धाप लागते किंवा पाळीत फार रक्तस्राव होतो, तर गोळीवर न थांबता डॉक्टरांना दाखवा.

१० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालतो. काही सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री क्लिनिक’मध्ये पाळी, वाढते शरीर, व्यसन, मनावरचा ताण याबद्दल मोकळेपणाने विचारता येते. क्लास, परीक्षा आणि मोबाइल यांत झोप हरवू देऊ नका. या वयात ८ ते १० तास झोप आणि रोज तासभर खेळ हवा. मूल एकटे राहू लागले, खाणे-झोपणे बदलले किंवा ‘जगण्यात अर्थ नाही’ असे म्हणू लागले, तर रागावू नका, उपदेश करू नका. शेजारी बसून ऐका, त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, मराठीतही. तंबाखू सोडण्यासाठी १८०० ११ २३५६ हा क्रमांक आहे.

पाठपुरावा कोण करणार?

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांनी आरोग्य सेविका केले. या सेविका त्याच गावात राहत, त्यामुळे त्या घरी जाऊन पुन्हा विचारू शकत. कंपनीत हे काम एखादा सहकारी, घरात मुलगी किंवा मुलगा आणि सोसायटीत एखादा शेजारी करू शकतो. त्याने फक्त एवढेच विचारायचे : पुन्हा मोजले का? गोळ्या संपल्या का? बरे वाटले म्हणून गोळी बंद तर केली नाही ना?

तातडीने कधी जावे?

छातीत दुखणे किंवा दडपण, धाप, चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास १०८ला फोन करा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून सकाळची वाट पाहू नका आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवा.

आज घरी गेल्यावर कपाटातला तो कागद काढा. आकडा वाढलेला असेल, तर या आठवड्यात पुन्हा मोजून घ्या आणि डॉक्टरांकडे जाताना कागद सोबत न्या.