लढाऊपणाचा दाखला कोण देतो?

इतिहास शिकविताना एक साधा प्रश्न मला सतत छळतो. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावला जो महार शिपाई लढला, त्याचेच नातू-पणतू १८९२च्या सुमारास सैन्यभरतीला अपात्र कसे ठरले? पाऊणशे वर्षांत रक्त बदलते काय?

रक्त बदलले नव्हते. राज्यकर्त्यांची गरज बदलली होती. पेशवाई बुडवायची होती तेव्हा बंदूक पेलणारा कोणताही हात कंपनीला चालत होता. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची बावीस नावे कोरली गेली ती याच काळात. पुढे राज्य स्थिरावले. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने, खरे लढवय्ये उत्तरेकडील काही जमातींतच सापडतात, हे मत रुजविले. पलटणींची बांधणी जातवार होऊ लागली. अस्पृश्य सुभेदाराचा हुकूम सवर्ण शिपायाने पाळावा, हा पेचही त्यामुळे परस्पर सुटला. जातिभेदाला साहेबाच्या कचेरीत शास्त्राचा शिक्का मिळाला.

मी घरातला पहिला पदवीधर. म्हणून या बंदीत मला बंदुकीपेक्षा पाटी अधिक दिसते. कंपनीच्या लष्करात शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. भरती थांबली तेव्हा पगार आणि पेन्शन गेलेच. गावकीतून बाहेर पडण्याची वाट आणि शाळाही गेली.

लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. आपण मूळचे क्षत्रिय, हा त्यातला दावा. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला तो ब्रिटिश न्यायाच्या नावाने. सरकार हलले ते मात्र महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, १९२१ साली मोडली. पुन्हा महायुद्ध आले आणि १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला गेले होते. आपणही जरूर जावे. पण ‘आम्हीही लढाऊ जात’ एवढेच म्हणून परतू नये. लढाऊपणाचा दाखला देणारा तो काढूनही घेतो, हे आपण दोनदा पाहिले आहे. हक्क मागायचा तो माणूस म्हणून. त्याला कोणाच्या दाखल्याची गरज नाही.