एक खून, सहा उत्तरं

परवा शनिवारी अँथनी बर्कलीची 'द पॉइझन्ड चॉकलेट्स केस' (१९२९) एका बैठकीत संपवली. लंडनच्या एका क्लबात सर यूस्टेसच्या नावे विषारी चॉकलेटं येतात आणि दगावते भलतीच बाई. स्कॉटलंड यार्ड हात टेकतं. मग सहा हौशी मंडळी एकेक करून आपापला खुनी सांगतात. गंमत म्हणजे प्रत्येकाचं पटतं, आणि पुढचा बोलला की कोसळतं! याच कथानकाच्या बर्कलीच्या लघुकथेत शेरिंगहॅमचं उत्तर बरोबर ठरतं. इथे तेच चुकतं.

१९३० मध्ये बर्कलीच्या पुढाकाराने लंडनला 'डिटेक्शन क्लब' उभा राहिला. वाचकापासून महत्त्वाचा धागा लपवणार नाही, अशी तिथे शपथ असे. पण धागे सगळे दिले तरी उत्तर एकच निघेल कशावरून? १९७९ मध्ये क्रिस्टियाना ब्रँडने सातवं उत्तर लिहिलं, २०१६ मध्ये मार्टिन एडवर्ड्सने आठवं.

मला आपलं ऑफिस आठवलं. मागच्या महिन्यात लॉग बघून मी एका ज्युनियरच्या कोडवर खापर फोडलं. सगळं जुळत होतं हो! बग निघाला माझ्याच क्वेरीत. सोमवारी आधी त्याला सॉरी म्हणायचंय.