रांगी आणि पापा
रांगिनुई (आकाशपिता) व पापातुआनुकू (पृथ्वीमाता) हे न्यूझीलंडमधील माओरी सृष्टिकथेतील आद्य दांपत्य होय. त्यांच्या घट्ट आलिंगनामुळे मुले अंधारात कोंडली होती. युद्धदेव तूमातौएंगा याने आईवडिलांना ठार मारण्याचे सुचवले. वनदेव ताने याने मात्र पाठीवर पडून, पायांनी आकाश वर रेटून त्यांना विलग केले. रांगीचे अश्रू म्हणजे पाऊस, पापाचे उसासे म्हणजे धुके. या ताटातुटीला विरोध असलेल्या वायुदेव ताफिरिमातेआ याने भावांवर वादळे सोडली. त्यापुढे एकटा तूमातौएंगा टिकला व साथ न देणाऱ्या भावांना त्याने भक्ष्य केले. मनुष्य मासे, पक्षी आणि रताळी खातो तो याच अधिकाराने.

हे प्रचलित रूप मुख्यतः ते अरावा जमातीचे ते रांगिकाहेके यांच्या लेखनातून आले आणि जॉर्ज ग्रे यांनी १८५४ मध्ये ते प्रसिद्ध केले. मात्र ते सर्व जमातींचे नव्हे: दक्षिण बेटावरील न्गाई ताहू परंपरेत पापा ही आधी सागरदेव ताकारोआची पत्नी होती.