क्रूस, भरपाई आणि दंड : अन्सेल्मच्या प्रायश्चित्तविचाराची घडण

येशू ख्रिस्त कोण होता, या प्रश्नावर ख्रिस्ती धर्मसंस्थेने इ.स. 325 च्या निकाया परिषदेपासून इ.स. 451 च्या खाल्किदोन परिषदेपर्यंत अत्यंत काटेकोर शब्दांत निर्णय दिले. परंतु त्याच्या क्रूसावरील मृत्यूमुळे मानवाचे तारण नेमके कोणत्या रीतीने झाले, या प्रश्नाचे एकच एक बंधनकारक उत्तर प्राचीन काळातल्या कोणत्याही सार्वत्रिक परिषदेने ठरवून दिले नाही. तो मृत्यू मानवासाठी होता एवढेच श्रद्धासूत्रांत सांगितले गेले आणि पुढचे विवरण आचार्यांवर सोपवले गेले. त्या मोकळ्या जागेत प्रत्येक काळाने आपापल्या न्यायपद्धतीतील आणि चालीरीतींतील कल्पना आणून बसवल्या. पश्चिम युरोपात सर्वांत दीर्घकाळ प्रभावी ठरलेले उत्तर इ.स. 1098 मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने ‘देव मानव का झाला’ या अर्थाचे शीर्षक असलेल्या लॅटिन संवादग्रंथात मांडले. ते उत्तर समजून घ्यायचे तर त्यामागे उभी असलेली नुकसानभरपाईची आणि प्रायश्चित्ताची जुनी रूढी आधी पाहावी लागते, कारण ती रूढी विस्मृतीत गेल्यामुळेच अन्सेल्मच्या माथी त्याने कधीही न मांडलेले मत मारले गेले आहे.

क्रूसावर खिळण्याची शिक्षा रोमन साम्राज्यात मुख्यतः गुलाम, बंडखोर आणि नागरिकत्व नसलेल्या गुन्हेगारांसाठी होती. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर इ.स.पू. 71 मध्ये कापुआ ते रोम या रस्त्यावर सुमारे 6,000 बंदिवान क्रूसांवर टांगले गेले, असे इतिहासकार अपियन सांगतो. अशा नामुष्कीच्या मृत्यूत देवाचे कार्य पाहणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती पिढीने त्याचा अर्थ लावताना यहुदी परंपरेतील आणि बाजारातील अनेक प्रतिमा एकत्र वापरल्या. वल्हांडणाचा कोकरा, प्रायश्चित्ताच्या दिवशी मंदिरात शिंपडले जाणारे रक्त, गुलामाच्या सुटकेसाठी मोजली जाणारी खंडणी, शत्रूवर मिळवलेला विजय आणि दुरावलेल्यांचा समेट या सर्व प्रतिमा नव्या करारात शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांपैकी कोणती मूळ व कोणती गौण, हे तेथे सांगितलेले नाही.

पहिल्या काही शतकांत खंडणीची प्रतिमा पुढे आली, आणि तिच्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला, तो म्हणजे ही खंडणी कोणाला दिली गेली? तिसऱ्या शतकातील ओरिजेनने ती सैतानाला दिली गेली असे सुचवले, तर चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीने ख्रिस्ताच्या मानवी देहाला गळावरील आमिषाची उपमा देऊन, ते गिळताना सैतान आतल्या देवत्वाच्या गळाला लागला, असे वर्णन केले. त्याचाच समकालीन मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी मात्र या कल्पनेने अस्वस्थ झाला. लुटारूला लुटीची किंमत म्हणून देव मिळावा हे त्याला लाजिरवाणे वाटले, आणि खंडणी पित्याला दिली म्हणावे तर ज्याने मानवाला कैद केलेच नव्हते त्याला ती कशासाठी, असेही त्याने विचारले. या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळायला पुढे सातशे वर्षे लागली.

त्या सातशे वर्षांत पश्चिमेकडील समाज पूर्णपणे बदलला. रोमन सत्तेच्या ऱ्हासानंतर जर्मानिक राज्यांत जे कायदे लिहिले गेले, त्यांचा गाभा शिक्षेचा नसून भरपाईचा होता. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या इ.स. 600 च्या सुमाराच्या संहितेत शरीराच्या प्रत्येक अवयवाची किंमत दिलेली आहे : अंगठा तोडल्यास 20 शिलिंग, अंगठ्याचे नख गेल्यास 3, पुढचा दात पाडल्यास 6. माणूस मारला गेला तर त्याच्या दर्जानुसार ठरलेली रक्कम नातलगांना द्यावयाची, आणि ती दिली की वैर संपले असे मानावयाचे. याच संहितेचा आरंभ चोरीच्या भरपाईने होतो : देवाच्या व चर्चच्या मालमत्तेसाठी बारापट, बिशपच्या मालमत्तेसाठी अकरापट, राजाच्या मालमत्तेसाठी नऊपट, सामान्य स्वतंत्र माणसाच्या मालमत्तेसाठी तिप्पट. अपराधाचे मोजमाप अपराध करणाऱ्यावरून नव्हे, तर ज्याचा अपराध केला त्याच्या थोरवीवरून होते, हा नियम येथे रोख आकड्यांत नोंदला गेला आहे. भरपाई हा सूडाला दिलेला पर्याय होता, ही या संपूर्ण व्यवस्थेतील मोलाची गोष्ट होय. रक्तपात टाळण्यासाठीच हे दर ठरवले गेले होते.

चर्चमधील प्रायश्चित्ताची रीतही याच सुमारास पालटली. आरंभीच्या काळात घोर पापासाठी आयुष्यात एकदाच, सर्वांसमक्ष आणि बिशपच्या अनुज्ञेने प्रायश्चित्त घेता येत असे. सहाव्या शतकापासून आयर्लंडच्या मठांत मात्र धर्मगुरूजवळ खासगीत पाप कबूल करून ठरावीक तप आचरण्याची आणि गरज पडेल तितक्या वेळा ते घेण्याची प्रथा रूढ झाली, आणि कोलंबानुससारख्या भ्रमंती करणाऱ्या संन्याशांनी ती युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. कोणत्या पापाला किती दिवस भाकरी-पाण्यावर राहावे, किती स्तोत्रे म्हणावीत, याच्या याद्या देणाऱ्या प्रायश्चित्तपुस्तिका त्यातून निर्माण झाल्या. या तपाला ‘सातिस्फाक्तिओ’, म्हणजे जे देणे लागते त्याची पुरेशी फेड, असे लॅटिन नाव होते. ज्याला ते तप झेपत नसे त्याला दानधर्म, प्रार्थना किंवा मठवासीयांकरवी केलेली उपासना असे पर्याय मिळू लागले, आणि अशा रीतीने एकाचे देणे दुसऱ्याने चुकवण्याची कल्पना रोजच्या धर्माचारात मुरली. आधुनिक वाचकाला हा सारा हिशेबी कारभार वाटण्याचा संभव आहे. पण ज्या काळी खुनाला खुनानेच उत्तर मिळे, त्या काळी अपराध्याला परत माणसांत आणणारी ही वाट होती, हे विसरता कामा नये.

या रीतीचे सर्वांत ठसठशीत उदाहरण अन्सेल्मच्याच परिसरात सापडते. नॉर्मंडीच्या विल्यमने इ.स. 1066 मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंड घेतले. ती मोहीम पोपच्या संमतीने झाली असा विजेत्यांचा दावा असूनही, नॉर्मन बिशपांनी आपल्याच सैनिकांना प्रायश्चित्त लावले आणि इ.स. 1070 च्या सुमारास पोपचा दूत एरमेनफ्रिड याने त्यास मान्यता दिली. लढाईत ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे 1 वर्ष, जखमी केलेला जगला की मेला हे ठाऊक नसल्यास प्रत्येकामागे 40 दिवस, आणि आपल्या बाणाने किती मेले हे सांगू न शकणाऱ्या तिरंदाजांनी तीन उपवासकाळ पाळावेत, असे त्याचे स्वरूप होते; मारलेल्यांची संख्याच आठवत नसेल त्याने चर्च बांधून किंवा चर्चला देणगी देऊन फेड करावी, अशीही तरतूद होती. खुद्द विल्यमने रणभूमीवर मठ उभारला, आणि त्या मठाच्या चर्चची प्रतिष्ठापना इ.स. 1094 मध्ये आर्चबिशप अन्सेल्मच्या हस्ते झाली.

अन्सेल्मचा जन्म इ.स. 1033 मध्ये आल्प्स पर्वतातील आओस्ता येथे झाला. नॉर्मंडीतील बेक मठात तो संन्यासी, मग शिक्षक आणि अखेरीस मठाधिपती झाला, आणि इ.स. 1093 मध्ये त्याला कँटरबरीचे पद स्वीकारावे लागले. राजा दुसरा विल्यम याच्याशी चर्चच्या अधिकारांवरून तीव्र संघर्ष झाल्याने इ.स. 1097 मध्ये तो देशाबाहेर पडला आणि इंग्लंडमध्ये सुरू केलेला ग्रंथ त्याने दक्षिण इटलीत, कापुआजवळच्या एका डोंगरी खेड्यात पूर्ण केला. बेकचा संन्यासी बोसो हा ग्रंथातील दुसरा संवादक असून, सर्वशक्तिमान देवाने एवढी हीनता का पत्करावी, नुसत्या इच्छेने क्षमा का करू नये, हे अश्रद्धांचे आक्षेप तो त्यांच्या वतीने निर्भीडपणे मांडतो. त्यांना धर्मग्रंथाचा आधार न घेता, ख्रिस्त जणू झालाच नाही असे धरून, केवळ बुद्धीने उत्तर द्यावयाचे, अशी अन्सेल्मची प्रतिज्ञा आहे.

त्याने पहिला घाव खंडणीच्या सिद्धान्तावर घातला. सैतान हा देवाचाच पळालेला दास आहे आणि त्याने दुसऱ्या दासाला फूस लावली, एवढ्याने त्याला मानवावर कोणताही हक्क प्राप्त होत नाही. म्हणून त्याला काही देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाप म्हणजे देवाला जे देणे आहे ते न देणे, आणि असे करून त्याचा मान हिरावणे. हा मान म्हणजे एखाद्या सरदाराचा दुखावलेला अहंकार नव्हे. देवाला स्वतःला कसलीच हानी पोहोचत नाही, पण सृष्टीतील सुव्यवस्था आणि सौंदर्य भंगते, आणि ते तसेच राहू दिले तर न्याय व अन्याय यांत भेद उरत नाही, असे अन्सेल्म स्पष्ट करतो. म्हणून दोनच मार्ग राहतात : पापाची भरपाई किंवा पाप्याला शिक्षा. भरपाई अपराधाच्या तोडीची हवी, आणि अपराध ज्याचा केला त्याची थोरवी अमर्याद असल्यामुळे संपूर्ण जग वाचवण्यासाठीसुद्धा देवाच्या इच्छेविरुद्ध एक दृष्टिक्षेप टाकणे योग्य ठरणार नाही, हे बोसोला कबूल करावे लागते. मानव आज्ञापालन, पश्चात्ताप, उपवास यांपैकी जे जे देऊ पाहील ते तो आधीच देणे लागतो, त्यामुळे त्याच्यापाशी शिल्लक काहीच नाही. द्यावयाचे मानवाने, देणे शक्य केवळ देवाला; तेव्हा जो एकाच वेळी देव आणि मानव आहे, तोच हे करू शकतो. निष्पाप असल्याने मृत्यू हे त्याच्यावरील देणे नव्हते, आणि जे देणे नव्हते ते त्याने स्वेच्छेने अर्पण केले. या अर्पणाचे फळ त्याला स्वतःला नको असल्याने ते त्याने आपल्या मानव बंधूंना दिले.

केंटच्या संहितेतील दर्जानुसार वाढणारी भरपाई, प्रायश्चित्तपुस्तिकांतील फेड आणि दुसऱ्यासाठी केलेले तप या तिन्ही रूढी या युक्तिवादात ओळखता येतात. मात्र ज्याने त्या रूढी ध्यानात घेतल्या आहेत, त्याला हेही दिसेल की अन्सेल्मच्या मते ख्रिस्ताने मानवाची शिक्षा भोगली नाही. भरपाई झाली म्हणूनच शिक्षा टळली. निष्पाप पुत्राला शिक्षा करून शांत होणारा क्रुद्ध पिता, ही प्रतिमा आज अनेकांना ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर लोटते आणि ती अन्सेल्मच्या नावावर खपते. त्याच्या ग्रंथात ती नाही, आणि हा अन्याय दूर होणे केवळ पांडित्याच्या दृष्टीनेच नव्हे, तर श्रद्धेच्या आरोग्याच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. क्रूसावरील मृत ख्रिस्ताच्या वेदनामय मूर्तीही त्याच्याच विचारातून उपजल्या असे मानणे चुकीचे होईल, कारण मिटलेल्या डोळ्यांचा आणि झुकलेल्या मस्तकाचा कलोन येथील गेरो क्रूस इ.स. 970 च्या सुमाराचा, म्हणजे अन्सेल्मच्या जन्मापूर्वीचा आहे.

पुढच्याच पिढीत पीटर आबेलारने निष्पापाचे रक्त किंमत म्हणून मागणेच क्रूर आहे, असा आक्षेप घेऊन, क्रूसावर प्रकटलेले प्रेम मानवाच्या हृदयात प्रेम जागवते आणि तेच तारण, असे प्रतिपादिले. क्लेअरव्होच्या बर्नार्डने त्यावर कडाडून हल्ला चढवला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने भरपाई, पुण्य, यज्ञ आणि खंडणी या सर्व रीतींना आपल्या ग्रंथात जागा दिली.

खरा पालट सोळाव्या शतकात झाला. तोवर राज्यसंस्था बळकट होऊन गुन्हा हा नातलगांनी मिटवण्याचा व्यवहार न राहता राजाच्या न्यायासनापुढील खटला झाला होता. ऑर्लेआं आणि बुर्ज येथे कायदा शिकलेल्या धर्मसुधारक काल्विनने ख्रिस्त दरोडेखोरांच्या किंवा दंगलखोरांच्या हातून न मरता रोमन सुभेदार पिलात याच्या न्यायासनापुढे रीतसर दोषी ठरून मेला यालाच फार महत्त्व दिले, कारण त्याच्या मते ख्रिस्ताने आरोपीच्या जागी उभे राहून मानवाचा दंड स्वतः भोगला. अन्सेल्मच्या ‘भरपाई किंवा शिक्षा’ या वाक्यातील ‘किंवा’ येथे गळून पडला. या नव्या सिद्धान्तावरचा नेमका आघात फाउस्तो सोत्सिनी या इटालियन विचारवंताने इ.स. 1594 मध्ये छापलेल्या ग्रंथात केला : कर्ज फेडले गेले असेल तर ते माफ झाले म्हणता येत नाही, आणि पैशाचे देणे दुसरा फेडू शकला तरी गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्यावर ढकलणे न्याय्य होत नाही. डच विधिज्ञ ह्युगो ग्रोटियस याने इ.स. 1617 मध्ये त्याला उत्तर देताना देवाला सावकाराऐवजी राज्यकर्त्याच्या स्थानी ठेवले. राज्यकर्ता कायदा शिथिल करू शकतो, पण कायद्याचा धाक राहील अशा रीतीने. त्याच्या एकच वर्ष आधी, इ.स. 1616 मध्ये, गोव्यातील रायतूर येथे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे क्रिस्तपुराण मराठी ओवीत छापले गेले होते. युरोपात विधिज्ञ दंडाच्या व्याख्येवर झुंजत असताना साष्टीच्या नवख्रिस्ती समाजापुढे क्रूस कलमांच्या रूपाने न येता सृष्टीच्या उत्पत्तीपासून आणि आदिपापापासून चालत आलेल्या कथेच्या रूपाने आला.

विसाव्या शतकात स्वीडिश आचार्य गुस्ताफ औलेन याने इ.स. 1930 मध्ये आद्य आचार्यांचा, ख्रिस्ताने सैतानावर मिळवलेल्या विजयाचा सिद्धान्तच अस्सल असल्याचे सांगून, अन्सेल्मची मांडणी निव्वळ कायदेशीर असल्याचा आणि तीत देवाचे कार्य मध्येच खंडित होऊन मानवाकडून अर्पण होत असल्याचा आरोप केला. प्राचीन विचाराकडे पाश्चात्त्यांचे लक्ष पुन्हा वेधण्याचे श्रेय औलेनला निश्चित द्यावे लागते, परंतु त्याचा आरोप टिकत नाही. ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी अन्सेल्म दाखवतो की अर्पण करावयाचा पुत्र पिताच पाप्याच्या हाती देतो आणि पुत्र स्वतःहून त्याच्या हाती जातो, आणि न्यायाचा एवढा काटेकोर हिशेब मांडल्यावर त्याहून मोठी दया कल्पिता येणार नाही, असा निष्कर्ष तो तेथे काढतो.