दिवे लागल्यावर नाव नाही

१८९७ साली माझी पणजी पुण्यात शनिवार पेठेत होती, नुकतं लग्न होऊन आलेली. तिच्या प्लेगच्या गोष्टींत उंदीर कमी आणि बूट जास्त. प्लेग कमिशनर रँडच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत शिरत, थेट देवघरापर्यंत जात, गाठ आहे का म्हणून माणसांच्या काखा-जांघा तपासत. घरात साधा ताप आला तरी माणूस माळ्यावर लपवायचा. शेजारणीला कळू द्यायचं नाही, रडायचं तर तोंडात पदर कोंबून. "गाठीचं भय नंतर, आधी कडी वाजायचं भय," असं ती म्हणे. हे मला आजीकडून मिळालं, म्हणजे थोडी फोडणी पडलेलंच.

२२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या सगळ्यांना पाठ असतात. त्याच साली हडपसरजवळ, मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुल्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. पणजीच्या गोष्टींत हे नाव कधीच नव्हतं. पेठेच्या भिंती बातम्यांनाही आडव्या येत असाव्यात.

पुढे पणजोबा वाईजवळ गावी परतले. प्लेग तिथेही आला, आणि येतच राहिला. घरात उंदीर पडला की दवंडी, आणि सगळं गाव माळावर. कडब्याच्या, तुराट्यांच्या झोपड्या. महारवाड्याच्या झोपड्या माळावरही लांबच. पणजीनं जातं बैलगाडीत घालून नेलं, तेव्हा पणजोबांनी कपाळावर हात मारला. तिचं म्हणणं, पहाटे दळायला नसलं की बाई पडल्या पडल्या मेलेल्यांची मोजदाद करत बसते. दोन दिवसांत आसपासच्या बायका तिच्याच जात्यावर दळायला येऊ लागल्या. पोरांची तर चंगळच, शाळा बंद आणि सारा दिवस बोरीखाली.

माळावर एक नियम होता. बाजाराहून आलेली खबर सकाळी विहिरीवर सांगायची, एकदाच, सगळ्यांसमोर. कोण आजारी, कोण गेलं, कुणाला भाकरी पोचवायची, सगळं तिथेच. दिवे लागल्यावर गाठीचं नाव काढायचं नाही. मग भजन, नाहीतर कुणाच्या तरी म्हशीची उखाळीपाखाळी. औषध पुण्यात नव्हतं तसं माळावरही नव्हतं, माणसं तिथेही मेली. पण ताप आला तर तो सांगता येत होता.

मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी राज्यात साथरोग कायदा लागू झाला, तो ४ फेब्रुवारी १८९७ चाच. पुढच्या वर्षीच्या लाटेत आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री बारा-बारा वाजता ऑक्सिजनचे, स्मशानातल्या रांगांचे व्हिडिओ येत. दोन घरांनी तर आपला ताप चार दिवस लपवला. आईनं तो विहिरीचा नियम मला ग्रुपवर लिहायला लावला: बातमी सकाळी एकदा, मदतीचा निरोप मात्र रात्री-अपरात्री कधीही. एक काका रागावून ग्रुप सोडून गेले. त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी आपणहून लिहिलं, "मला ताप आहे, कुणी दूध आणून द्याल का?" दारात तीन पिशव्या आल्या.

तुम्ही एखाद्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर साथीची वाट बघू नका. बातम्यांची वेळ आजच ठरवून टाका, आणि ती सकाळची ठेवा.