येडशीचा सारा, औरंगाबादचा स्वार आणि काळे पाणी

धाराशिवहून येडशीकडे निघाले की बालाघाटाचे डोंगर दिसू लागतात. येडशीजवळच्या घळीत रामलिंगाचे देऊळ आहे, भोवती अभयारण्य. गावावरून जाणारी वाहने सोलापूर, लातूर, बार्शीकडे धावत असतात. समुद्र इथून शेकडो मैल लांब. तरीही काळ्या पाण्याची एक गोष्ट या मुलखापासून सुरू करता येते, आणि तिची सुरुवात शेतसाऱ्याच्या हिशेबात आहे.

इंग्रजांच्या हुकमतीखाली, पण निजामाच्या पैशावर चालणारी एक फौज हैदराबाद संस्थानात होती. तिचा पगार थकत गेला आणि निजामावर कंपनीचे कर्ज चढत गेले. अखेर 1853च्या मे महिन्यात डलहौसीच्या सरकारने तह करवून घेतला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. त्याच्या वसुलातून सुमारे पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने पोसायचे होते. हीच हैदराबाद कंटिंजंट. नळदुर्गला कारभारी म्हणून मेडोज टेलर आला. ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिणारा तो हाच. म्हणजे 1857 उजाडले, तेव्हा या भागातल्या कुणब्याने भरलेला सारा थेट त्या फौजेच्या पगारात जात होता.

या फौजेचे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा स्वाराचा, सरंजाम स्वाराचा, सरकारकडून मिळायचा तो पगार. अशा स्वाराची नोकरी गेली की त्याने घोड्यात आणि असामीत घातलेली मिळकतही धोक्यात यायची. तो बंडाला उभा राहिला, तर एवढे सगळे पणाला लावून.

पहिले घोडदळ मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईच्या छावणीत होते. 1857च्या उन्हाळ्यात ते औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला हलवले गेले. दिल्लीत शिपायांनी बहादूरशहाला गादीवर बसवल्याची बातमी तोवर दख्खनभर पसरली होती. आपल्याला निजामाच्या हद्दीबाहेर नेऊन बादशहावर घालणार, अशी कुणकुण स्वारांना लागली. आमची चाकरी दख्खनपुरती, बादशहावर हत्यार उचलणार नाही, असे ते म्हणू लागले. जूनच्या मध्यावर रेजिमेंट उघड बिथरली.

पुण्याहून जनरल वुडबर्न गोरे घोडदळ, देशी पायदळ आणि तोफा घेऊन आला. जूनच्या अखेरच्या आठवड्यात पहिल्या घोडदळाला संचलनासाठी उभे केले गेले. जमादार मीर फिदा अली याने आपला कप्तान ॲबट याच्यावर गोळी झाडली. नेम चुकला. गडबडीत बरेच स्वार निसटले, बाकीचे पकडले गेले. फिदा अलीला लगेच फाशी झाली. इतरांपैकी काहींना गोळ्या घातल्या गेल्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिले गेले, अनेकांची नावे नोकरीवरून कमी झाली आणि कित्येकांना काळ्या पाण्याची सजा झाली.

जे शहरात मेले त्यांची खूण शहरात राहिली. त्या जागेला लोक काळा चबुतरा म्हणत, आज तिथे क्रांती चौक आहे. समुद्रापार पाठवलेल्यांना असा चौक मिळाला नाही. काळे पाणी म्हटले की आपल्याला सेल्युलर जेल आठवतो. पण त्या तुरुंगाचे बांधकाम संपले 1906 साली, सावरकर तिथे गेले 1911 साली. सत्तावन्नच्या शिपायांच्या वेळी भिंत नव्हतीच. पुढे समुद्र, मागे जंगल.

अंदमानची वसाहत याच बंडवाल्यांसाठी उघडली. 10 मार्च 1858 रोजी डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. हा पूर्वी आग्र्याच्या तुरुंगाचा प्रमुख होता. बेड्या घातलेल्या माणसांकडून जंगल तोडून घेणे सुरू झाले. पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब असा : आलेले 773. इस्पितळात मेलेले 64. पळालेले आणि परत न सापडलेले 140. आत्महत्या एक. पळाल्याबद्दल फाशी दिलेले 87. उरले 481.

पळणाऱ्यांपैकी एकाची हकिकत कळते. दूधनाथ तिवारी, चौदाव्या पलटणीचा शिपाई. झेलमला त्याला जन्मठेप झाली, अंदमानात तो कैदी क्रमांक 276 झाला. एप्रिल 1858मध्ये इतर कैद्यांबरोबर तो रॉस बेटावरून तराफ्याने पळाला. जंगलातून चालत गेले की ब्रह्मदेश लागतो, अशी त्यांची समजूत होती. दोन आठवडे अन्नपाण्यावाचून भटकल्यावर अंदमानी लोकांनी त्यांना गाठले. बहुतेक जण मारले गेले. जखमी तिवारीने हात जोडले आणि त्यांनी त्याला जगू दिले. जखमांना माती लावली, आपल्यात घेतले, लग्नही लावून दिले. वर्षभर तो त्यांच्यातलाच होऊन राहिला. त्याच्या एका बायकोचे नाव लिपा.

मे 1859मध्ये अंदमानींनी ॲबर्डीनच्या ठाण्यावर चाल करायचे ठरवले. त्यांचेच जंगल रोज तोडले जात होते. तिवारी निसटला आणि त्याने साहेबांना वर्दी दिली. 17 मेला हल्ला झाला तेव्हा इंग्रज तयार होते. धनुष्यबाणांसमोर जहाजावरच्या तोफा आणि बंदुका. पुढच्या वर्षी तिवारीला माफी मिळाली, तो देशी परतला. त्याने सोडले तेव्हा लिपा गरोदर होती.

त्याला फितूर म्हणणे सोपे आहे. पण 276 क्रमांकापासून घरापर्यंत दुसरी कोणती वाट त्याच्यापुढे होती? आणि ती वाट ज्यांच्या अंगावरून गेली, त्यांनीच त्याला जगवले होते, हेही विसरता येत नाही. त्या जमातीचे आज पन्नासच्या आसपास लोक उरले आहेत.

दख्खनबाहेर जाऊन बादशहावर हत्यार उचलणार नाही, असे औरंगाबादचे स्वार म्हणत होते. त्यांच्यासारख्याच बंडवाल्यांच्या हाती अंदमानात कुऱ्हाडी देऊन दुसऱ्याचा मुलूख घेण्याचे काम करून घेतले गेले. सजेचा सर्वांत कडू भाग मला बेड्यांपेक्षा हा वाटतो.

1860 साली धाराशिवचा मुलूख कंपनीच्या वारसांनी, म्हणजे राणीच्या सरकारने, निजामाला परत केला. सारा पुन्हा हैदराबादकडे जाऊ लागला. त्या सात वर्षांच्या ज्वारीवर पोसलेल्या फौजेतले ते सजा झालेले स्वार मात्र परत करायच्या यादीत नव्हते.